अंग खोटं बोलते

माझ्या शेजारच्या दुकानातून गिऱ्हाईक रडत बाहेर आलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. दुकान स्वेटरचं. नवीन लग्न झालेलं एक जोडपं जानेवारीत मनालीला निघालं होतं आणि पोरीला एक गुलाबी स्वेटर आवडला होता. बस, एवढाच तिचा गुन्हा. दादारावांनी तो स्वेटर तिच्या हातातून ओढून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "हा फोटोचा स्वेटर हाये. याच्यात फोटो निघते, जीव नाई वाचत."

नवरा चिडला. म्हणाला, "आम्हाला पाहिजे तो द्या ना, पैसे देऊन राहिलो."

"हिच्यावर जीव हाये का तुहा?" दादारावांनी भर दुकानात विचारलं. "असन, तर हे कायंकुट्ट लोकरीचं घे. दिसत नाई चांगलं, मले माहीत हाये. नसन, तर दुसऱ्या दुकानात जा अन् गुलाबी घे."

पोरगी रडायला लागली, दोघंही काही न घेता निघून गेली. दादाराव बाहेर येऊन त्यांच्या पाठीकडे पाहत मला म्हणाले, "पाय, कान उघडे टाकून चालली."

मला या माणसाचा राग येतो. आज नाही, दुकान घेतलं तेव्हापासून येतो. तुमच्या शेजारी असा माणूस असता तर तुम्हालाही आला असता.

मी अकोल्यात कूलर विकतो. अकोल्यात कूलर विकायला काही अक्कल लागत नाही. एप्रिल उजाडला की डांबर चपलेला चिकटतं आणि माणसं आपोआप माझ्याकडे येतात. त्याच भिंतीला लागून, पलीकडे, दादाराव लोकरीच्या ढिगात बसलेले असतात. बारा महिने. लोक विचारतात, उन्हाळ्यात यांचं काय काम? काम असं की, आमच्याकडची माणसं केदार-बद्रीला जातात ती उन्हाळ्यातच. इथून निघताना अंगाची लाही होत असते आणि तिथं उतरतात तेव्हा दात वाजत असतात. दादारावांचं सगळं भांडण या मधल्या प्रवासाशी आहे.

आणि माझ्याशी. माझा कूलर चालू असला की दमट वारा त्यांच्या मालाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. "संज्या, तुह्या कूलरचं तोंड फिरव तिकडे. लोकर वली होऊन राहिली!" हे वाक्य मी दर उन्हाळ्यात रोज ऐकलं आहे. गिऱ्हाइकाला हवा दाखवायला कूलर फुटपाथवर ठेवावाच लागतो, त्याचं तोंड काय मी भिंतीकडे करू? बरं, माझं गिऱ्हाईक आलं की हे गृहस्थ मधेच डोकावून त्याला सांगणार, "कूलर काय घेता, माठाचं पानी प्या." असा शेजार.

त्यांच्या दुकानाला नाव नाही. पाटीवर लिहिलं आहे, "गरम कपडे. चौकशी करूनच देण्यात येतील." ही चौकशी पोलीस ठाण्यातल्या चौकशीसारखी चालते. कुठी जाता? कोन्या महिन्यात? संगं कोन? गुडघे कसे हायेत? पायतानाचा नंबर काय? नंबर सांगितला की बूट त्याहून मोठा घ्यायला लावणार. "आत दोन मोजे बसले पाहिजे, अन् वरून बोटं हालली पाहिजे. घट्ट बूट म्हंजे रक्ताचा रस्ता बंद." हातमोजे बोटांचे ठेवतच नाहीत. चारही बोटं एकत्र राहतील असे पिशवीवजा हातमोजे ठेवतात. कोणी कुरकूर केली की म्हणणार, "बोटाइले एका खोलीत राहू द्या. वेगवेगळं बिऱ्हाड करून देऊ नोका, गारठून मरतीन."

एकदा अकोटकडचे एक कास्तकार पोरासाठी सुती टोपीवाला सदरा मागायला आले. पोराची सहल हिमाचलला चालली होती. दादाराव एकदम उभे राहिले.

"कापूस? बर्फात कापूस? कापूस वला झाला का जीवाचा दुश्मन हाये तो!"

कास्तकारांचा चेहरा लालबुंद झाला. "तीन पिढ्यापासून कापूस पिकवून राहिलो आमी. दुश्मन म्हनता?"

"मंग पिकवा न! इका, गादीत भरा, वाती करा. अंगाले लावून बर्फात पोट्टं पाठवू नोका. कापूस पानी धरून बसते, सोडत नाई. लोकर वली झाली तरी थोडीबहुत ऊब देते."

वऱ्हाडात बसून, कापसाच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, कापसाला शिव्या! मागून येणारे दोन-चारजण थांबले. कास्तकार बाह्या वर करत होते. शेवटी मी मधे पडलो, त्यांना माझ्या दुकानात आणून कूलरसमोर बसवलं, थंड पाणी दिलं. भिंतीपलीकडून आवाज आलाच, "लोकरीचं बनियन काढून ठेवलं हाये, जाताना घेऊन जा! पैसे नोको देऊ!" ते कास्तकार शिव्या देत निघाले आणि शिव्या देतच बनियन घेऊन गेले.

माल विकायच्या आधी दादाराव तो स्वतः तपासतात. अकोल्यात थंडी कुठून आणणार? तर भर उन्हाळ्यात बर्फाच्या कारखान्यात जाऊन लादीवर बसतात. अंगावर दोन स्वेटर, डोक्यावर माकडटोपी, पायात नवे मोजे. बाहेर लोक उन्हानं चक्कर येऊन पडत असतात आणि हे आत कुडकुडत बसलेले. कारखान्यातले हमाल आधी हसायचे, आता त्यांच्यासाठी एक पोतं अंथरून ठेवतात.

खाण्याची तपासणी वेगळी. ती आमच्या समोरच्या युसुफभाईंच्या कुल्फीच्या फ्रीजरमध्ये चालते. दादारावांचं म्हणणं, बर्फात अडकलेल्या माणसाला खाणं पाहिजे, पण ते दगड होऊन उपयोग नाही. म्हणून एकेक जिन्नस ते फ्रीजरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चावून पाहायचे. पुरणपोळीची पाटी झाली. तुपातला लाडू फरशीवर आपटला, तरी फुटला नाही. चिक्कीनं तर त्यांची दाढच घेतली. तोंडाला रुमाल लावून बसले होते आणि वर मला सांगत होते, "चिक्की बाद." शेवटी खजूर, शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि थोडा गूळ असा लाडू ठरला, एका घासाचा, हातमोजा न काढता तोंडात टाकता येईल इतका लहान. लग्न न केलेला हा माणूस मे महिन्यात स्टोव्हसमोर बसून हे लाडू वळतो आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोंबतो.

युसुफभाई गरीब माणूस, काही बोलत नसत. पण एक दिवस एका बाईंनी मलई कुल्फी मागितली आणि त्यांच्या हातात गोठलेला मोजा आला. त्या दिवशी युसुफभाई रस्ता ओलांडून आले आणि हात जोडून म्हणाले, "दादा, आप की मेहेरबानी, पर मेरे फ्रीजर में से आप के पाँव निकालो."

या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचं एक वाक्य. काश्मीरला निघालेले काही मित्र आले होते. त्यातला एक डोळा मारून म्हणाला, "काका, ब्रँडी ठेवली हाये संगं, थंडीची काय कायजी?" दादाराव पेटले. "ब्रँडीनं गरम वाटते. वाटते, होत नाई! आतली गरमी चामड्यावर येते अन् उडून जाते. अंग खोटं बोलते, बाप्पा. अंगाचं आयकू नोका!"

ब्रँडीपुरतं ठीक होतं. पण "अंग खोटं बोलते" हे ते कुठंही बोलत. लग्नाच्या पंगतीत एखादा म्हातारा "आता पुरे" म्हणाला की, "अंग खोटं बोलते, वाढा आजून." मी डोकं दुखतं म्हणून शटर ओढायला लागलो की, "अंग खोटं बोलते, बैस दुकानात." मला वाटायचं, हा माणसाच्या दुखण्याखुपण्यावरही विश्वास ठेवत नाही, इतका कोरडा आहे.

घरी त्यांचं कोणी नाही. मूळचे मूर्तिजापूरचे. आईबाप लहानपणीच गेले, मोठ्या बहिणीनं कापसाच्या जिनिंगमध्ये कामं करून वाढवलं. तिला ते बाई म्हणायचे. बाईचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मूर्तिजापूरहून अचलपूर, शकुंतला नावाच्या आगगाडीत बसून, तोही एखाद्या लग्नापुरता. तिला दादारावांनी हौसेनं केदारनाथला नेलं आणि ती तिथंच वारली, एवढं सगळ्या बाजाराला माहीत होतं. "भाग्याची बाई, देवाच्या दारात गेली," असं लोक म्हणत. कोणी असं म्हटलं की दादाराव उठून आत जात आणि उगाच घड्या घातलेले स्वेटर परत घडी घालत बसत. मीही एक-दोनदा म्हटलं असेल.

मग माझ्या आईनं केदारनाथचं ठरवलं.

बाबा गेल्यापासून तिच्या मनात होतं. ऐन हंगामात मला दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून ती विमलमावशीबरोबर निघाली. विमलमावशी म्हणजे आमच्या वाड्यासमोर राहणारी तिची मैत्रीण. यात्रा कंपनीनं दोघींना एकेक झोळी आणि एकेक पातळ टोपी दिली होती. ती टोपी पाहूनच मी समजलो होतो, दादारावांनी पाहिली तर खैर नाही. म्हणून मी आईला म्हटलं, स्वेटर दुसरीकडून घे. पण आई कुणाचं ऐकते? भरलेली बॅग घेऊन, स्वेटर त्यात बसतो का पाहायला म्हणून ती सरळ त्यांच्याच दुकानात गेली.

"कुठी जाऊन राहिल्या, वैनी?"

"केदारनाथले."

दादारावांनी हातातला स्वेटर खाली ठेवला. पुढची चौकशी त्यांनी केलीच नाही. मग म्हणाले, "नोका जाऊ."

"कावून नोको? देवानं बोलावलं मले."

"मंग देवालेच सांगा न स्वेटर पाठवाले!"

आई म्हणजे काही साधी बाई नाही. तीही चढली. बोलाबोलीत दादारावांनी तिची बॅग ओढली आणि फुटपाथवर उलटी केली. सुती पातळं, सुती परकर, बाबांच्या सत्कारात मिळालेली शाल, पन्ह्याची बाटली, ग्लुकोजचा पुडा, हातपंखा आणि कांदे. आता, उन्हाळ्यात घराबाहेर पडताना लू लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायचा, हे आमच्याकडे आईच्या दुधातून येतं. तिनं विचारही न करता टाकले होते. दादारावांनी एक कांदा उचलला, हात उंच केला आणि रस्त्यावरच्या माणसांना ओरडून सांगितलं, "पाहा! पाहा हो! बर्फात कांदा घेऊन चालली! मढं होऊन येनार हाये, मढं!"

लोक हसले. युसुफभाईंच्या दुकानातली पोरंसोरंसुद्धा हसली. आई खाली बसून परकर गोळा करायला लागली. माझं डोकंच फिरलं. मी दादारावांच्या अंगावर धावून गेलो. वयानं मोठे आहेत म्हणून हात आवरला, तोंड नाही आवरलं. "तुमच्या घरी कोनी नाई म्हनून दुसऱ्याची माय रस्त्यावर आनता का?" असंही बोललो. ते कांदा हातात घेऊन तसेच उभे होते.

दुकानात येऊन मी सगळ्यात मोठा कूलर ओढला आणि त्याचं तोंड बरोबर त्यांच्या दुकानाकडे केलं. घ्या वारा.

आईनं तयार कपड्यांच्या दुकानातून एक स्वेटर घेतला. गुलाबीच होता. शाल होतीच. आम्ही स्टेशनवर गेलो, गाडी लागली, आई खिडकीत बसली, तेवढ्यात गर्दीतून दादाराव आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. प्लॅस्टिकमध्ये प्लॅस्टिक घालून, सुतळीनं आवळून बांधलेलं एक गठुडं आणि लाडवांचा डबा त्यांनी खिडकीतून आत कोंबला.

"मले नोको तुमचं काई," आई म्हणाली.

"लाडू वर ठेवा. गठुडं वलं झाल्याबिगर सोडू नोका."

आई ते परत बाहेर ढकलत होती, तोच गाडी हलली. दादाराव वळले आणि निघून गेले. पुढचे दिवस भिंतीच्या अलीकडे माझा कूलर घोंघावत राहिला आणि पलीकडून एकदाही तक्रार आली नाही.

त्या दुपारी ऊन नुसतं ओतत होतं. दुकानात सगळे कूलर चालू होते, त्यामुळे फोनवर मला ओरडूनच बोलावं लागत होतं. विमलमावशीचा फोन होता. चढताना पाऊस आला, मग गारा, वाट अडली. दोघी भिजून एका चहाच्या टपरीत, पत्र्याखाली बसल्या होत्या.

"तुही माय लय कुडकुडली रे," मावशी म्हणाली. "दात नुसते वाजून राहिले होते. पन आता बरी हाये. थरथर थांबली. घे, बोल."

"संजू..." आईचा आवाज जड येत होता, झोपेतल्यासारखा. "कूलरमंदी पानी टाकलं का रे? लय गरम होऊन राहिलं."

मी हसलो. खरंच हसलो. मला वाटलं, थट्टा करते आहे, म्हणजे मजेत आहे. मी ओरडून म्हणालो, "तठीबी गरम होऊन राहिलं का? मंग काढ न ते शाल अन् स्वेटर, मोकळी बैस!" आणि मावशीला सांगितलं, "थकली असन ते. तोंडावरून वला हात फिरवा तिच्या, अन् झोपू द्या जराशी."

वाक्य पुरं झालं नव्हतं, तर दादाराव माझ्या दुकानात होते. पायात चप्पल नाही. माझ्या हातातून त्यांनी फोन हिसकावला.

"कोन हाये तठी? विमलबाई, तिची शाल काढली का? ... काढून राहिली ते? सोडू नोका! खोटं बोलते! तिचं अंग खोटं बोलते!"

मी कूलर बंद केले. एकामागून एक. आता पलीकडचं मावशीचं रडणंही ऐकू येत होतं.

"रडू नोका, आयका. अंगावरचं वलं सारं काढा. ... सारं म्हंजे सारं, परकरबी! ... लाज गेली खड्ड्यात, बायाइले म्हना, लुगडं आडवं धरून उभ्या राहा. माह्यं गठुडं कुठी हाये?"

ते गठुडं त्या दोघींनी सगळ्या प्रवासात उशाला घेतलं होतं. लाडू तर इटारसी यायच्या आतच डब्यात वाटून संपवले होते. गाठ सुटत नाही म्हणून मावशी सांगत होती.

"दातानं तोडा! फाडा! ... लोकरीचं हाये न आत? बनियन, पायजामा, टोपी, मोजे. कोरडं हाये? घाला तिले. बुडाखाली झोळी घ्या, जमिनीवर नोको. मोठी प्लॅस्टिकची थैली हाये, ते पायापासून वर ओढा. आता टपरीवाल्याचं घोंगडं घ्या, तुमीबी वलं काढून त्यात शिरा, छातीशी धरा तिले. हातपाय चोळू नोका. शेकू नोका. चालवू नोका. टपरीवाल्याले पाठवा, दवाखान्याचा तंबू असन वर नाई तं खाली, मानसं आना म्हना उचलाले."

पलीकडून प्लॅस्टिकची सळसळ ऐकू येत होती. दादारावांच्या कपाळावरून घाम नाकावर येत होता. मावशी म्हणाली, डोळे मिटून राहिली, झोपू द्यायची का?

"फोन तिच्या कानाले लावा," दादाराव म्हणाले, आणि त्यांनी जी सुरुवात केली ती मी इथं सगळी लिहू शकत नाही. "वैनी! ओ वैनी! डोये उघडा! मढं व्हाचं हाये का? कांदेवाली बाई! अक्कल घरी ठेवून गेल्या का? तुमचा पोरगा भिकारडे कूलर इकते, हवा नाई देत, नुसता आवाज करते! आयकून राहिल्या का? त्याचे कूलर गयतात! सारं गाव थुकते त्याच्या कूलरवर!"

रस्त्यावर माणसं गोळा झाली. युसुफभाई पायरीशी येऊन उभे राहिले. मी स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या मालाला घातलेल्या शिव्या ऐकत उभा होतो आणि मनात म्हणत होतो, आणखी द्या, दादाराव, आणखी द्या.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदम फोनमधून आईचा आवाज आला. अडखळत आला, पण आईचाच.

"दादाराव... तोंड फोडीन तुमचं. माह्या पोराच्या कूलरले... नावं नोका ठेवू."

दादारावांनी भिंतीला हात टेकला. "चिडली," ते मला म्हणाले. "आता थरथरून राहिली का, विचार मावशीले. थरथरली म्हंजे बरं." ती थरथरत होती. मग त्यांनी चहा पाजायला सांगितला, साखर जास्त, एकेक घोट. पुढं डोलीवाले आले, तिला खाली दवाखान्याच्या तंबूत नेलं. संध्याकाळी आईनं स्वतः फोन केला आणि पहिलं विचारलं, "ते मेलं दादाराव हाये का तठी?"

पण ते संध्याकाळी. त्या दुपारी, फोन ठेवल्यावर दादाराव माझ्या खुर्चीत बसले. मी मोठा कूलर लावला, त्यांच्याकडे तोंड करून. प्यायला पाणी दिलं. पाण्याचा गिलास हातात तसाच होता.

"बाईबी असंच म्हनली होती," ते म्हणाले. "दाद्या, गरम होऊन राहिलं. मले बरं वाटलं. म्हटलं, उतरली थंडी. मीच तिची शाल काढली, संज्या. मीच वला रुमाल फिरवला तोंडावरून. कांदा फोडून नाकाले लावला. अकोल्याचा मानूस मी, मले उन्हाचंच माहीत."

त्यांनी गिलास दुसऱ्या हातात घेतला.

"संगतीचे सारे लय चांगले होते. गोड बोलत होते. म्हने झोपू द्या, थकली, आता कशी शांत दिसून राहिली. अन् घरी आलो तं म्हने, भाग्याची. कोनी एकानं त्या येळी मले आईवरून शिवी दिली असती न... एकानं..."

त्यांनी पाणी पिऊन टाकलं आणि ते आपल्या दुकानात गेले.

मला भयंकर राग आला. तिथल्या त्या गोड बोलणाऱ्यांचा आला, "भाग्याची" म्हणणाऱ्यांचा आला, त्यात मीही होतो. "तुमच्या घरी कोनी नाई" म्हणणाऱ्या माझ्या जिभेचा आला. आणि दादारावांचाही आला. हे एवढं पोटात ठेवून हा माणूस इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसला आणि आम्हाला फक्त मोजे आणि लाडू दाखवत राहिला. सांगायचं होतं एकदा. पण सांगितलं असतं तरी आम्ही काय केलं असतं? गोडच बोललो असतो.

आई परत आली ती स्टेशनवरून घरी गेलीच नाही. रिक्षा तिनं बाजारात आणायला लावली. गळून अर्धी झाली होती. मी हात धरायला गेलो, तो झिडकारून ती दादारावांच्या दुकानापुढं उभी राहिली. गाडीत सगळं घोकून आली असावी.

"मले मढं म्हनलं तुमी! भर यात्रेत, लोकाइच्या देखत, माह्या कानात शिव्या घातल्या! परकर काढाले लावला! माह्या पोराच्या धंद्याले नावं ठेवली! तुमाले मायबहीन हाये का नाई? वळन लावलं का नाई कोनी?"

दादाराव गल्ल्यामागे उभे राहिले. दोन्ही हात लोकरीच्या गठ्ठ्यावर ठेवून, मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एक शब्द उलटा नाही. बाजार बघत होता. आईला दम लागला, ती श्वास घ्यायला थांबली. मला वाटलं, संपलं.

"कांद्याचं राहिलं," दादाराव खाली पाहतच म्हणाले.

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, आणि आवाज चढवून पुन्हा सुरू झाली, "हो न! अन् तो कांदा! रस्त्यावर माहा कांदा नाचवला तुमी..."

मी दुकानात गेलो आणि कूलर बंद केला. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून.